सोफा वाचवायचा तर मांजराला खांब द्या, सोफ्यावर तिखट नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी सोफ्याचे कापड बदलायची आणि लाकडाला पॉलिश करून घ्यायची घाई सुरू होते. ज्यांच्याकडे मांजर किंवा कुत्रा आहे, त्यांचा कारागिराला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'नखं लागणार नाहीत असं कापड आहे का?' तोवर घरात बरेच उपाय करून झालेले असतात. सोफ्यावर तिखट भुरभुरलेले असते, गादीखाली डांबरगोळ्या असतात, खुर्चीच्या पायांना निलगिरीचे तेल चोळलेले असते. या उपायांनी फर्निचर वाचत नाही, प्राण्याला मात्र इजा होते. सोफा-फर्निचरची दुरुस्ती हे आमचे रोजचे काम आहे. नुकसान कशाने होते आणि कशाने टळते, हे आपल्या वाचकांपर्यंत नीट पोहोचावे म्हणून हे पत्र.

आधी हे उपाय तातडीने का थांबवावेत ते सांगतो. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थॅलीन. ती कुत्र्या-मांजराच्या पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि बंद खोलीतली तिची वाफही त्यांना बाधते. निलगिरी, टी ट्री, संत्र्याच्या सालीचे तेल, फिनेल यांतले बरेच घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. मांजर त्यावर फक्त चालले तरी पुढे पंजे चाटून तेच पोटात घेते. तिखट डोळ्यांत आणि नाकात जाते, आणि घरातल्या रांगत्या मुलाच्या हातालाही लागते. कोरफडीचा कडू गर कुत्र्याने चाटला तर जुलाब होतात. कडू चवीचा फवारा वापरायचाच असेल तर प्राण्यांसाठीच बनवलेला, डेनाटोनियम बेंझोएट असलेला घ्यावा. आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला मारून डाग पडतो का ते पाहावे, आणि रोज मारावा, कारण चव लवकर उडते. तरीही तो जोडीचा उपाय आहे. चावायला दुसरे काही दिले नाही तर त्याचा उपयोग होत नाही.

आता मांजराकडे वळू, कारण सोफ्याचे सर्वांत जास्त नुकसान त्याच्याकडून होते. मांजर नखे घासते ती खोडी म्हणून नव्हे. घासल्याने नखावरचे जुने कवच गळते, खांदे आणि पाठ ताणली जाते, आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो. हे थांबवता येत नाही, जागा मात्र बदलता येते. सोफ्याचा कोपरा त्याला का आवडतो तेही उघड आहे. तो हलत नाही, अंग पूर्ण ताणता येईल इतका उंच असतो, त्यात नख रुतते, आणि घरातली माणसे बसतात तिथेच तो असतो. विकतचा खांब पडून राहतो तो यांपैकी कशात तरी कमी पडतो म्हणून. चाळीस-पन्नास सेंटीमीटरचा, फूटभर बैठकीचा खांब मांजराने जोर लावताच डुलतो. एकदा अंगावर आला की पुन्हा ते त्याच्याकडे फिरकत नाही.

हा खांब गल्लीतला कोणताही सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. बाहेरून 110 मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप 90 सेंमी लांब कापून घ्यावा. बैठकीसाठी 18 मिमी प्लायवूडचे 50 बाय 50 सेंमीचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवावेत. त्याच प्लायच्या, पाइपच्या आतल्या मापाच्या चार चकत्या कापून, एकावर एक चिकटवून ठोकळा करावा. बैठकीच्या खालून 75 मिमीचे तीन स्क्रू मारून तो घट्ट बसवावा, मग पाइप त्यावर सरकवून बाजूने 25 मिमीचे चार स्क्रू मारावेत. या बाजूच्या स्क्रूंसाठी आधी बारीक ड्रिल करणे आवश्यक आहे, नाहीतर प्लायचे थर उलतात. पाइपच्या आत फूटभर उंचीपर्यंत कोरडी वाळू पिशवीत बांधून ठेवावी. बैठक आणि वाळू मिळून दहा किलोच्या आसपास वजन होते, तेही तळाशी. मग खांब डुलत नाही. वरचे तोंड पाचव्या चकतीने बंद करावे.

गुंडाळायला 8 मिमी जाडीचा घायपाताचा (सिसलचा) दोर उत्तम. 80 सेंमी उंची भरायला शंभर वेढे पडतात आणि एका वेढ्याला साधारण 37 सेंमी दोर जातो. म्हणजे 37 मीटर लागतो, तो 40 मीटर आणावा. घायपाताचा मिळाला नाही तर काथ्याचा चालतो, पण तो बोचरा असल्याने काही मांजरे तो टाळतात. तागाची सुतळी घेताना हुंगून पाहावी. रॉकेलसारखा वास आला तर ती घेऊ नये, कारण ताग पिंजताना त्याला खनिज तेल लावलेले असते. पीव्हीसीवर पांढरा फेव्हिकॉल धरत नाही. पाइप 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून त्यावर रबराचा गोंद लावावा, तो बोटाला चिकटेनासा झाला की वेढे घ्यावेत आणि दर दहा वेढ्यांनी लाकडी ठोकळ्याने खाली ठोकून घट्ट करावेत. सुरुवात आणि शेवट वॉशर घालून स्क्रूने पक्का करावा. गोंदाचा वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस खांब गॅलरीत, मांजरापासून दूर ठेवावा.

खांब तयार झाला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे तो ठेवण्याच्या जागेत आहे, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. दिवाणखान्याची शोभा जाते म्हणून खांब गॅलरीत किंवा धुण्याच्या मशिनमागे जातो, आणि मांजर सोफ्याकडेच येते. सुरुवातीला खांब त्याच कोपऱ्याला, सोफ्याला टेकून ठेवावा. सोफ्याच्या कोपऱ्यावर गुळगुळीत पारदर्शक पीव्हीसीची शीट बसवावी, म्हणजे तिथे नख रुतणार नाही आणि शेजारी रुतणारी जागा मिळेल. दोन-तीन आठवडे मांजर नेमाने खांब वापरू लागले, की तो रोज चार बोटे इतकाच सरकवत हवा तिथे न्यावा. मांजर झोपेतून उठल्यावर अंग ताणते, म्हणून ते झोपते त्या जागेजवळ खांब असणे केव्हाही चांगले. त्याचे पंजे धरून खांबावर घासू नयेत, त्याने ते खांबालाच बिचकते. दोरावर खेळण्याची दोरी फिरवली की आपोआप नखे लागतात. काही मांजरे उभी न घासता आडवी घासतात. गालिचा किंवा पायपुसणे फाटलेले दिसले तर तुमचे मांजर त्यांतले आहे. त्याला काथ्याचे जाड पायपुसणे प्लायच्या तुकड्याला ठोकून जमिनीवर द्यावे. एकाहून जास्त मांजरे असतील तर एकाच खांबावर भागत नाही.

ती पारदर्शक शीट चिकटवताना एक काळजी घ्यावी. दुतर्फी टेप पॉलिश केलेल्या लाकडावर किंवा रेक्झिनवर थेट लावला तर काढताना वरचा थर घेऊन येतो. कापडी सोफ्यावर शीट मागच्या आणि खालच्या बाजूने टाचावी. लाकडावर लावायचीच असेल तर न दिसणाऱ्या जागी आठवडाभर टेप लावून आधी पाहावे.

पुढच्या पायांची नखे दोन-तीन आठवड्यांनी कापली तर नुकसान आणखी कमी होते. पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येते. आतला गुलाबी भाग सोडून पुढचे पांढरे टोक तेवढे कापायचे. चुकून रक्त आलेच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे.

'नखे कायमची काढून टाका' असे काही जण डॉक्टरांकडे मागतात. त्यात फक्त नख निघत नाही, प्रत्येक बोटाचे शेवटचे हाडच कापावे लागते. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याचे अवयव छाटणे हा गुन्हा आहे. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये या शस्त्रक्रियेवर स्वतंत्र बंदी घातली. आणि केवळ फर्निचरचा विचार केला तरी हा सौदा आतबट्ट्याचाच. बोटे दुखणारे मांजर मातीच्या ट्रेमध्ये उकरायचे टाळते आणि मऊ गादीवर लघवी करू लागते. नखाचा ओरखडा दुरुस्त होतो, फोममध्ये मुरलेली लघवी मोठ्या कष्टाने निघते.

त्या लघवीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण साफ करण्याच्या घाईतच बहुतेक गाद्या बिघडतात. ओल दिसताक्षणी जुना सुती टॉवेल दाबून धरावा, घासू नये. घासल्याने ओल पसरते. कव्हरला झिप असेल तर लगेच काढून धुवावे. फोमसाठी एन्झाइमचे (लघवीतले घटक तोडणारे) क्लीनर वापरावे. लघवी जितकी खोल गेली तितके ते खोल पोहोचले पाहिजे, नुसत्या वरच्या फवाऱ्याने काही होत नाही. डागावर ते भरपूर ओतून बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत वर प्लास्टिक झाकावे, म्हणजे ते सुकणार नाही, आणि मग पंख्याखाली वाळवावे. त्याआधी फिनेल किंवा जंतुनाशक लावलेले असेल तर एन्झाइमचे काम बिघडते. गरम पाणी, इस्त्री, वाफेचे मशिन यांनी डाग आणि वास उलट घट्ट बसतो. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट तर लघवीवर कधीच टाकू नये, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास मांजराला लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच येते. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसले तर आपल्या नाकाला फरक पडतो, मांजराच्या नाकाला फारसा नाही.

पावसाळ्यात पाच इंची फोम पूर्ण भिजवणे ही मोठी चूक. जुलैच्या हवेत तो आतून वाळत नाही, बुरशी धरतो, आणि मग सगळी गादी टाकावी लागते. अशा वेळी कारागिराकडून डागाचा भाग चौकोनी कापून काढावा आणि त्याच घनतेचा तुकडा चिकटवून घ्यावा. 32 घनतेच्या (घनमीटरला 32 किलो) फोममध्ये 40 चा तुकडा बसवला तर बसताना गाठ लागते, म्हणून घनता विचारूनच काम करावे. डाग नेमका कुठवर आहे हे अंधारात अतिनील टॉर्चने दिसते. सोफ्याचा खालचा भाग आणि भिंतीकडची बाजूही पाहावी. चिपबोर्ड किंवा एमडीएफचा (लाकडाचा चुरा-तंतू दाबून केलेल्या फळ्यांचा) सांगाडा असेल तर ओल कडेतून आत शिरते आणि लाकूड फुगते. फुगलेला चिपबोर्ड पूर्ववत होत नाही, तो तुकडा बदलावाच लागतो.

मांजर अचानक सोफ्यावर लघवी करू लागले तर आधी डॉक्टर, मग कारागीर. बोका वारंवार बसतो, कुंथतो आणि थेंबच पडतो किंवा तेही नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. उद्यावर ढकलले तर जीव जातो. दुखणे नसेल तर ट्रे पाहावेत. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, आणि रोज साफ. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांचे भिंतीवर-सोफ्यावर फवारे मारणे थांबते किंवा खूप कमी होते.

कुत्र्याचा प्रश्न वेगळा आहे, तो दातांचा आहे. पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात येतात तो काळ साधारण चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंतचा. हिरड्या शिवशिवतात आणि टीपॉयचे पाय, दिवाणाची कड तोंडाच्या उंचीवर असतात. या काळात फ्रिजमधले थंड गाजर, ओला करून गोठवलेला जाड सुती पंचा (तो समोर बसूनच द्यावा), रबराची चावायची खेळणी आलटून पालटून द्यावीत. अंगठ्याचे नख रुतत नाही इतके कडक काही देऊ नये, दात तुटतात. शिजवलेल्या मटणाची हाडे नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. फर्निचरच्या कडांना लावतात ते मऊ प्लास्टिकचे कोपरे पिल्लू आधी तेच चावून गिळते. त्यापेक्षा चार महिने टीपॉय दुसऱ्या खोलीत ठेवावे, आणि दिवाणाच्या पायाला उभा चिरलेला पीव्हीसी पाइप चढवावा.

मोठा कुत्रा घरात कोणी नसताना फाडतो, तेव्हा कुठे फाडले ते नीट पाहावे. ओरखडे मुख्यतः दाराच्या चौकटीवर आणि खिडकीजवळ असतील आणि माणूस गेल्या गेल्या सुरू होत असतील, तर ती एकटेपणाची भीती आहे, त्याला पशुवैद्याचा सल्ला लागतो. सोफ्याचा फोम खोलीभर उडवलेला असेल तर बहुधा व्यायाम आणि चावायला काम कमी पडते आहे. संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या नुकसानीबद्दल मारले तर कुत्र्याला दोन्हींचा संबंध लागत नाही. त्याला इतकेच कळते की माणूस घरी आला की मार बसतो. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे तर वर सांगितलेल्या कलमातच गुन्हा म्हटले आहे.

फोम किंवा कापड गिळल्याची शंका असेल, कुत्रा ओकत असेल, खात नसेल, शी होत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजराच्या तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, आतडी कापली जातात. हे लिहिताना आमच्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. घरी जाऊन काम केल्यावर सोफ्याखाली नायलॉनच्या दोऱ्याचे तुकडे, मोडकी सुई आणि कापड ठोकायच्या स्टेपल-बंदुकीच्या पिना राहतात. निघण्यापूर्वी लोहचुंबक फिरवावा, दोरे हाताने वेचावेत. सोफ्याच्या तळाला लावतो ते काळे पातळ कापड मांजराची पिल्ले फाडून आत शिरतात. तिथे भोके पाडलेला 6 मिमी प्लाय बसवावा. रिक्लायनर असेल तर मिटण्यापूर्वी खाली वाकून पाहायची सवय घरातल्या सगळ्यांना हवी, त्याच्या यंत्रात प्राणी चिरडतात.

कापड निवडताना दुकानातल्या नमुन्यावर साधी टाचणी आडवी ओढून पाहावी. ती सुतात अडकली, तर नखही अडकणार. बूक्ले, शनील, जूटसारखे जाडे विणकाम, म्हणजे ज्यात फास मोकळे असतात ते सगळे मांजराच्या घरात टाळावे. घट्ट विणीचा मायक्रोफायबर किंवा आखूड, दाट मखमल टिकते, कारण नखाला धरायला फास नसतो. केस दिसतात, पण ते ओल्या रबरी हातमोज्याने निघतात. नमुन्याच्या पुस्तकात 'मार्टिनडेल 40,000' वगैरे आकडा असतो, तो बसण्या-उठण्याच्या घर्षणाचा आहे. नखाबद्दल तो काहीच सांगत नाही, तरी विक्रेते तोच दाखवतात. रेक्झिनला नखाने एकदा भोक पडले की तिथून चिरत जाते, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत त्यावरचा पीयूचा (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) थर तसाही काही वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो. वेताच्या जाळीच्या खुर्च्या मांजरापासून वाचवायचा खात्रीचा उपाय नाही, त्या बंद खोलीत ठेवाव्यात.

झालेल्या नुकसानीत सूत बाहेर आले असेल तर ते कापू नये. क्रोशाच्या सुईने उलट्या बाजूला ओढून घ्यावे. सागवानाला वरवरच दात लागले असतील तर 120, 180, 240 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने मारून पुन्हा पॉलिश पुरते. खोल चावा असेल तर सुटलेले तंतू ब्लेडने साफ करून, लाकूड पूर्ण वाळल्यावर त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल यांची लापशी दोन थरांत भरावी. एकाच थरात भरली की सुकताना आकसते आणि खड्डा पडतो. पॉलिश चकचकीत न घेता मॅट घेतले तर नंतरचे ओरखडे डोळ्यांत भरत नाहीत. नवे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश असलेल्या खोलीत वास पूर्ण जाईपर्यंत प्राण्यांना जाऊ देऊ नये.

या दिवाळीत सोफा नव्याने करून घेणाऱ्यांनी कारागिराला कापड फाडण्यापूर्वीच सांगावे: सगळ्या गाद्यांना झिप, फोमवर टीपीयू या लवचीक प्लास्टिकचा थर असलेले टेरीचे जलरोधक अस्तर (साध्या प्लास्टिकने घाम येतो आणि वास कोंडतो), सोफ्याच्या दोन्ही हातांवर वेगळे निघणारे कव्हर, आणि उरलेले किमान एक मीटर कापड घरमालकाच्या ताब्यात. तोच रंग पुढच्या वर्षी दुकानात मिळेल याची खात्री नसते, आणि सोफ्याचा एक हात बदलायला तेवढे कापड पुरते.

आपला,
एक सोफा-फर्निचर कारागीर, पुणे